दहा अब्ज एक कोटी दोन हजार चारशे एक्कावन्न

बाबांच्या एका जुन्या वहीत एका आकड्याभोवती चौकोन केलेला आहे. १००१०००२४५१. त्याच्या वरच्या ओळीत एक आकडा खोडलेला, १००१०००५४२१, आणि बाकी पूर्ण पानभर निळ्या शाईत अकरा-अकरा आकड्यांच्या ओळी एकाखाली एक, इतक्या सरळ की पट्टी ठेवून लिहिल्यासारख्या. मे महिन्यात घराला रंग द्यायचा म्हणून दिवाणाखालची पेटी ओढली तेव्हा या वह्या निघाल्या, सात-आठ असतील, कव्हरवर कोळशाच्या बोटांचे ठसे तसेच. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर फुल स्पीडवर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास, आणि मी पेटी आवरायची सोडून ती एक वही घेऊन फरशीवर बसले ते थेट चहाच्या वेळेपर्यंत. तो चौकोनातला आकडा पुढचे पंधरा दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

बाबा रेल्वेत टीएनसी होते, म्हणजे ट्रेन्स क्लार्क, पण यार्डात सगळे नंबर टेकरच म्हणायचे. मालगाडी येऊन उभी राहिली की इंजिनापासून गार्डच्या डब्यापर्यंत गिट्टीवरून चालत जायचं आणि एकेका वॅगनचा नंबर वहीत उतरवायचा, बस, हेच काम. आपल्याकडं नागपुरात कोळशाच्या गाड्या जास्त, उमरेड, वणी, चंद्रपूरकडून भरून येणाऱ्या आणि कोराडी-खापरखेड्याला रिकाम्या होणाऱ्या, त्यात त्या वरून उघड्या बॉक्सएन वॅगनी, एका गाडीला अठ्ठावन्न. अठ्ठावन्न गुणिले अकरा म्हणजे एका गाडीचे ६३८ आकडे, सहाशे मीटरच्या वर चाल, रात्री एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पेन, वही पोटाशी. नंबरावर कोळशाची काजळी बसलेली असली की बाबा रुमालानं पुसून वाचायचे. घरी आले की आई तो रुमाल वेगळ्या बादलीत टाकायची, हे मला फार स्पष्ट आठवतं.

चौकोनाची गोष्ट घरात सगळ्यांना माहिती आहे. २००६ चा हिवाळा होता, रात्रपाळी, बाबांनी ०२४५ च्या जागी ०५४२ लिहिलं. उलटं. थंडीत, अर्धवट उजेडात, अठ्ठावन्न वॅगनी झाल्यावर माणसाचा डोळा असा फिरतो, यात नवल काही नाही. नवल पुढं झालं. वॅगनच्या नंबरातला शेवटचा, अकरावा आकडा हा तपासणीचा असतो, नंबर लिहिताना चूक झाली तर कॉम्प्युटर लगेच नकार देतो. बाबांचा आकडा मात्र कॉम्प्युटरनं मुकाट्यानं घेतला. दुसऱ्या दिवशी बाबांनीच त्या लाइनवरून जाताना ती वॅगन पाहिली, वही काढली, ताडून बघितलं, आणि स्वतः जाऊन सांगितलं की माझं चुकलंय. दुरुस्ती झाली, कोणी काही बोललं नाही. पण बाबांच्या मनात ते बसलं ते बसलंच. त्यानंतर ते प्रत्येक गाडी दोनदा चालायला लागले, एकदा लिहायला, एकदा ताडायला, रिटायर होईपर्यंत. आणि कधी विषय निघाला की एकच वाक्य म्हणायचे, "साऱ्यायच्या चुका मशीन पकडे, माहीच नाही पकडली."

मला ते वाक्य लहानपणापासून टोचायचं. मी बी.एस्सी. मॅथ्स केलं, नंतर बँकेत लागले आणि गणित सुटलं, पण त्या दिवशी फरशीवर बसून वाटलं की अरे, हा प्रश्न तर सुटण्यासारखा आहे, मशीननं का नाही पकडली हे तर शोधता येईल, आपण इतकी वर्षं शोधलं का नाही.

तर आधी तो आकडा वाचायचा कसा ते सांगते. बाबा तो असा वाचायचे, दहा, शून्य एक, शून्य शून्य, शून्य दोन चार पाच, आणि मग जरा थांबून एक. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, दहा ते एकोणतीसपर्यंतचा आकडा असला की उघडी वॅगन. पुढचे दोन म्हणजे वॅगन कोणत्या रेल्वेची, शून्य एक म्हणजे मध्य रेल्वे. पुढचे दोन बनवल्याचं साल, शून्य शून्य म्हणजे २०००. मग चार आकड्यांचा तिचा स्वतःचा नंबर. आणि शेवटी तपासणीचा एक. आता हाच आकडा आपण शाळेत शिकलो तसे स्वल्पविराम देऊन लिहा, १०,०१,००,०२,४५१. दहा अब्ज, एक कोटी, शून्य लाख. म्हणजे अब्जाच्या घरात वॅगनचा प्रकार, कोटीच्या घरात रेल्वे आणि लाखाच्या घरात साल! आपली मोजायची पद्धत दोन-दोन घरांची म्हणून हे असं बरोबर बसतं, तीन-तीनच्या पद्धतीत बसलं नसतं. एकं दहं शतं म्हणत वर गेलं तर अब्जाच्या पुढचं घर खर्वाचं, भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत हीच नावं ओळीनं दिली आहेत, तर तसा हा आकडा एका खर्वाच्या किंचित वर. कोळशानं माखलेल्या लोखंडी डब्यावर रंगवलेला खर्व. मला हे सुचलं तेव्हा मी आईला हाक मारून सांगितलं, ती म्हणाली कुरडया वाळल्या का बघ आधी.

आता तपासणीचा आकडा. पद्धत अगदी सोपी आहे. डावीकडून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या घरातले आकडे मिळवायचे, इथं ० आणि १ आणि ० आणि २ आणि ५, झाले ८. त्याची तिप्पट २४. मग पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या घरातले मिळवायचे, १ आणि तीन शून्यं आणि ४, झाले ५. एकूण २९. आता २९ पासून पुढचा दहाच्या पटीतला आकडा किती लांब आहे, तर ३० एकनं लांब, म्हणून शेवटचा आकडा १. दुकानातल्या कुठल्याही पुड्यावरचा बारकोड असाच चालतो, तेरा आकडे, एकाआड एक तिप्पट. आपल्या देशातल्या कोडची सुरवात ८९० नं होते, घरात असलेली कुठलीही फरसाणाची पिशवी काढा आणि करून बघा, आला की खरंच बरं वाटतं.

तिप्पटच का, दुप्पट का नाही, यात सगळी हुशारी आहे. समजा तिप्पट होणाऱ्या घरात आठच्या जागी तीन लिहिलं गेलं. फरक पाच, त्याची तिप्पट पंधरा, बेरीज दहाच्या पटीवरून घसरली, चूक सापडली. दुप्पट असती तर पाचाचे दहा झाले असते आणि चूक आरामात निसटली असती. तीनाचं आणि दहाचं काही नातंच नाही, म्हणून एक आकडा चुकला तर तो कितीही चुको, सापडतोच. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तरी बहुतेकदा सापडतात, कारण तेव्हा बेरीज त्या दोघांतल्या फरकाच्या दुपटीनं बदलते, म्हणजे फरक नेमका पाच असेल तरच निसटणार, एक आणि सहा, किंवा दोन आणि सात अशी जोडी. बाबांच्या आकड्यात एकमेकांशेजारी असलेल्या कुठल्याच दोघांत पाचाचा फरक नाही. म्हणजे त्यांनी शेजारचे कुठलेही दोन आकडे उलटे केले असते तर मशीननं नक्की पकडलं असतं.

पण त्यांनी शेजारचे नाही, एक सोडून पलीकडचे बदलले. २४५ चं ५४२. चार मधे तसाच राहिला आणि दोन गेला पाचाच्या जागी, पाच आला दोनाच्या जागी, आठवं घर आणि दहावं घर, दोन्ही तिप्पट होणारी! दोन अधिक पाच काय आणि पाच अधिक दोन काय, बेरीज तीच, आठच, चोवीसच, एकोणतीसच, आणि शेवटी तोच एक. मशीनच्या दृष्टीनं ते दोन आकडे एकसारखेच होते. ही चूक त्या पद्धतीला दिसूच शकत नाही, कोणीही केली असती तरी दिसली नसती. म्हणजे बाबांचीच नाही पकडली असं काही नव्हतंच. एवढं कळायला मला अर्धा तास लागला, आणि बाबांनी त्यासाठी रिटायर होईपर्यंत दुप्पट चाल केली. मी वही मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

सांगायला लगेच गेले नाही. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं, ते दुपारी पडून असतात. आणि खरं सांगायचं तर मला अजून त्या आकड्याचं समाधान झालं नव्हतं. कारण आतापर्यंत मी जे पाहिलं ते सगळं लिहिण्याचं होतं, कोणतं घर कुठं, कोण कोणाशेजारी. ते माणसांनी ठरवलेलं, दहाच्या पद्धतीमुळं आलेलं. आकडा वेगळ्या पद्धतीत लिहिला, कॉम्प्युटर लिहितो तसा नुसत्या शून्य आणि एकमधे, तर चौतीस घरं लागतील आणि हे घरांचं सगळं विरून जाईल. पण त्या आकड्याचे अवयव विरणार नाहीत. तो कशानं भागला जातो हे कोणत्याही ऑफिसनं ठरवलेलं नाही. ते त्याचं स्वतःचं.

म्हणून मी भागायला बसले. विषम आहे, दोन बाद. आकड्यांची बेरीज चौदा, तीन बाद. शेवटी एक आहे, पाच बाद. सात, अकरा, तेरा यांच्यासाठी तर या आकड्यानं माझं काम आधीच करून ठेवलं होतं, कारण त्याची सुरवात १००१ नं होते आणि सात गुणिले अकरा गुणिले तेरा बरोबर १००१. ही गंमत मला कॉलेजात फार आवडायची. म्हणजे मध्य रेल्वेची, प्रकाराचा आकडा दहा असलेली जी जी वॅगन, तिच्या नंबरातला पुढचा १००१ या तिन्हींनी निःशेष जातो, फक्त मागचा भाग तपासायचा. इथं मागचा भाग २४५१. सातानं बाकी एक, अकरानं नऊ, तेरानं सात. तिघंही बाद. मग सतरा, एकोणीस, तेवीस, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेक मूळसंख्या, सत्त्याण्णवपर्यंत गेले, काहीच नाही. आता कुठपर्यंत जावं लागणार ते बघू म्हणून वर्गमूळ काढलं. संख्या फुटणार असेल तर तिचा निदान एक अवयव वर्गमूळाच्या आत असतोच, त्यापुढं शोधायची गरज नसते.

स्क्रीनवर आलं १०००४९.९९९७५५.

मी ते दोनदा वाचलं. हा तर जवळजवळ १०००५०! लगेच त्याचा वर्ग केला, १००१०००२५००. आणि माझा आकडा १००१०००२४५१. फरक एकोणपन्नास. त्या भागात शेजारशेजारचे दोन वर्ग एकमेकांपासून दोन लाखांवर दूर आहेत, १०००४९ च्या वर्गापासून १०००५० चा वर्ग २,००,०९९ लांब, आणि एवढ्या मोकळ्या रानात हा आकडा एका वर्गाच्या अगदी अंगणात उभा, फक्त एकोणपन्नास पावलं अलीकडं. आणि एकोणपन्नास म्हणजे सातचा वर्ग.

मी तिसरी-चौथीत असेन. संत्र्याच्या दिवसात बाबा कळमन्याच्या बाजारात गेले की मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचे. तिथं ढिगांचे भाव चाललेले, आणि बाबा मधेच विचारायचे, अठरा बावीस किती? मी बोटं मोडत बसायची. मग ते सांगायचे, "मधातला पकड. अठरा आन् बावीसच्या मधात कोण? वीस. विसाचा वर्ग चारशे. दोघंही विसापासून किती दूर? दोन-दोन. दोनाचा वर्ग चार. चारशेतून चार काढ. तीनशे शहाण्णव. झालं." हे त्यांना यार्डातल्या एका गार्डनं शिकवलं होतं म्हणे. आणि पुढं जोडायचे, "आपलं नागपूर कसं, देशाच्या मधात. मधात उभं राहिलं की दोन्हीकडचं सारखं दिसते." मी मोठेपणी पुस्तकात अ वर्ग वजा ब वर्ग शिकले तेव्हा मला ते नवीन वाटलंच नाही, ते तर संत्र्यांच्या वासाचं होतं.

तर मधातला १०००५०. दोन्हीकडं सात-सात. म्हणजे १०००४३ आणि १०००५७. गुणाकार केला. १००१०००२४५१. बरोबर तोच.

मला अजूनही ते दुपारचं आठवलं की अंगावर काटा येतो. मी सत्त्याण्णवपर्यंत भागत गेले होते आणि तशीच पुढं जात राहिले असते तर? एक लाखाच्या आत ९,५९२ मूळसंख्या आहेत, त्यानंतर १००००३, १०००१९ आणि मग १०००४३. म्हणजे ९,५९४ वेळा नाही ऐकून ९,५९५ व्या वेळी हो आलं असतं. आणि बाबांच्या रीतीनं एका पायरीत. अर्थात १०००४३ आणि १०००५७ स्वतः आणखी फुटतात का ते बघायचं राहिलं होतं, ते पुढच्या रविवारी केलं. दोघांचं वर्गमूळ ३१६ च्या थोडं वर, तिथपर्यंत ६५ मूळसंख्या, प्रत्येकीनं दोघांना भागून पाहिलं, एकशे तीस भागाकार, वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर बाबांच्यासारखेच एकाखाली एक लिहून. एकही निःशेष गेला नाही. दोघंही मूळसंख्या. आणि मधला १०००५० मात्र दोन, तीन, पाच, तेवीस, एकोणतीस, सगळ्यांना सामावून घेणारा. अशा मोकळ्या स्वभावाच्या आकड्याच्या दोन बाजूंना, सात-सात पावलांवर, हे दोन कोणाशीही न जुळणारे, आणि त्यांच्या गुणाकारातून ती वॅगन.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की या रीतीला फर्माचं नाव आहे. पियरे द फर्मा, फ्रान्समधला, पेशानं कोर्टातला माणूस, त्यानं १६४३ च्या सुमारास एका पत्रात २०२७६५१२८१ हा आकडा असाच फोडून दाखवला, ४४०२१ गुणिले ४६०६१. त्याचा मधला ४५०४१ आणि दोन्हीकडं १०२० चं अंतर, मधला सापडेपर्यंत त्याला बारा आकडे तपासावे लागले. आणि हे आजही कामाचं आहे. आपले मोबाइलवरचे व्यवहार, पासवर्ड, या सगळ्याला लागणारी जी कुलपं आहेत त्यातलं एक गाजलेलं कुलूप १९७७ मधे रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी बनवलं, दोन प्रचंड मूळसंख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि त्या दोघी लपवायच्या, एवढ्यावर ते उभं. आता त्यात सहाशे सतरा अंकी गुणाकार वापरतात. आणि त्या दोन मूळसंख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेऊन चालत नाही, कारण जवळच्या असल्या की कोणीतरी मधातला पकडतं आणि कुलूप गळून पडतं. मी बँकेत रोज त्या कुलपाच्या आत बसून काम करते आणि त्याची किल्ली कळमन्यात सायकलच्या दांडीवर शिकले होते.

आणखी एक सांगायचं राहिलं. हा आकडा चारानं भागला तर बाकी तीन उरते, आणि असा आकडा दोन वर्गांची बेरीज कधीच होऊ शकत नाही, कितीही शोधा. वजाबाकी मात्र होतो, आणि नेमक्या दोनच प्रकारे. एक आपण पाहिली. दुसरी कुठल्याही विषम आकड्याची होते तशी, त्याला मधोमध दुभागून मिळणारे दोन शेजारी, ५००५००१२२६ चा वर्ग वजा ५००५००१२२५ चा वर्ग. तिसरी नाही.

मग मी त्या खोडलेल्या आकड्याकडं वळले. १००१०००५४२१. त्याच्याकडं आमच्या घरात कोणी कधी नीट पाहिलंच नव्हतं, चुकीचा तो चुकीचा. मागचा भाग ५४२१. सातानं नाही, अकरानं नाही, तेरानं? तेरा गुणिले ४१७, ५४२१. गेला! पुढचा १००१ तर तेरानं जातोच, म्हणजे पूर्ण आकडाच तेरा गुणिले ७७००००४१७. तेच अकरा आकडे, तीच बेरीज चौदा, तोच तपासणीचा एक, मशीनला दोघांत काडीचा फरक दिसला नाही, आणि आतून बघावं तर एक तेरालाच उघडतो आणि दुसरा एक लाखाच्या पलीकडं जाईपर्यंत कोणालाच दाद देत नाही. दोन आकडे इतके वेगळे मी तरी पाहिले नव्हते.

दोघांत फरक किती तर २९७०. ५४२ वजा २४५ म्हणजे २९७ आणि पुढं एक शून्य. आणि हा २९७ मला ओळखीचा वाटला. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे दोन तुकडे करा, ८८ आणि २०९. मिळवा. २९७. आपल्या द. रा. कापरेकरांचा आकडा! १९०५ मधे डहाणूला जन्मलेले, देवळालीच्या शाळेत मास्तर, आयुष्यभर आकड्यांशी असे खेळले की ६१७४ ला जगभर त्यांच्या नावानं ओळखतात, आणि ज्या संख्यांच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवले की परत तीच संख्या येते त्यांनाही कापरेकर संख्या म्हणतात, ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३. मोठमोठ्या लोकांनी त्यावेळी हे किरकोळ समजलं, आकड्यांच्या लिहिण्याचं कौतुक, त्यात खोल काय आहे म्हणून. मला तसं अजिबात वाटत नाही. बाबांचं पूर्ण आयुष्य आकड्यांच्या लिहिण्यावर गेलं, कोणता आकडा कोणत्या घरात यावर एक वॅगन सापडायची की हरवायची ते ठरायचं, तर लिहिण्यातलं सौंदर्य किरकोळ कसं असेल. आणि कापरेकरांच्या डेम्लो संख्या, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा चढत जाऊन उतरणाऱ्या, त्यांना त्यांनी स्टेशनचं नाव दिलं होतं, डोंबिवलीला तेव्हा डेम्लो म्हणायचे, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेवरचं, तिथं त्यांना त्या सुचल्या. तीच जीआयपी रेल्वे १८६७ मधे नागपूरला पोचली. रुळांवर उभं राहून आकड्यांकडं टक लावून बघणारा माणूस मला काही परका नाही.

बाबांना मी जूनमधे सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून खाट टाकली होती, ते काळा चष्मा लावून बसलेले. मी म्हटलं, "बाबा, ती ०२४५ आठवते?"

"दरवाजा वाकेल होता तिचा," ते लगेच म्हणाले. "डाव्या बाजूचा. तुले कुठं भेटली ते?"

मग मी सगळं सांगितलं. तपासणीच्या आकड्याचं आधी, घरं कशी मोजतात, आठवं आणि दहावं घर दोन्ही तिपटीचं कसं, म्हणून बेरीज बदललीच नाही. ते ऐकत होते, बोटांनी खाटेच्या पट्टीवर घरं मोजत होते, दोनदा मोजली. "म्हणजे कोनाचीच नसती पकडली," ते म्हणाले. मी म्हटलं, नाही बाबा, कोणाचीच नाही. ते काही बोलले नाहीत. खाली रस्त्यावर पाण्याचा टँकर आला होता, त्याची मोटर बंद होईपर्यंत काही बोलले नाहीत.

मग मी मधातल्याचं सांगितलं, १०००५० आणि सात-सात. ते हसले. "सात-सात," म्हणाले, "अठरा-बावीसवानी."

"हो. अगदी तसंच."

"आन् तो दुसरा? म्या लिहला होता तो? तो कितीनं जाते?"

"तेरानं."

ते परत गप्प झाले. मला वाटलं झोप आली असेल. थोड्या वेळानं म्हणाले, "बरोबरवाला तेरानं भागला तं बाकी किती?"

"सात."

"आन् चुकीच्याची शून्य. मंग मशीनले बेरीज कराले काऊन सांगितली, तेरानं भागाले सांगाले पायजे होतं. पकडली असती ना."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले, कारण हे खरं आहे. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी नंबरात प्रत्येक घराला वेगळ्या आकड्यानं गुणून आलेली बेरीज अकरानं भागून तपासत, परदेशी बँकखात्यांचे मोठे नंबर सत्त्याण्णवनं भागून तपासतात, अशाच चुका पकडाव्या म्हणून. बाबा मॅट्रिक आहेत आणि ते त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या काढलं. मी सांगितलं तसं, तर म्हणाले, "तेरा की सत्त्याण्णव ते तू पाह्य. वही आण इकडं."

आणली. त्यांना वाचता येत नव्हतं अजून, म्हणून मी वाचायची आणि ते भागायचे. १००१ नं सुरू होणारी असली की पुढचं सोडून द्यायचं हे मी एकदाच सांगितलं, लगेच पकडलं त्यांनी. मी पहिल्या ओळीचा मागचा भाग वाचला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि म्हणाले, "बाकी चार. लिही. पुढची सांग."